बुधवारच्या बाया आणि डुकरांची बँक



जोतीराव फुल्यांचं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक १८७३ सालचं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना. काळ्या माणसांना गुलामीतून सोडवण्यासाठी ज्यांनी कष्ट घेतले, त्यांचा गौरव म्हणून. पुण्यात बसून जोतीरावांनी एवढ्या लांबची ती बातमी आपली मानली होती. अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं बंद झाली १८६५ मध्ये. पण कायदा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती माणसं सकाळी उठून कुठं गेली, काय खाल्लं, कुणाच्या शेतात राबली, हे आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. आज ते थोडं सांगते. त्यात बायकांच्या बैठका आहेत, आणि एक डुकरांची बँक आहे. डुक्कर म्हटल्यावर काही जणी नाक मुरडतील. मुरडा, पण ऐका.

अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नावाचं राज्य आहे. त्याच नावाची मोठी नदी. नदीच्या गाळानं तिथली जमीन अशी झाली आहे की कापूस नुसता उधळून द्यावा. गुलामी संपली तरी जमीन गोऱ्या मालकांचीच राहिली. काळ्या माणसाच्या हाती दोन हात सोडून काही आलं नाही. मग सुरू झाली वाट्याची शेती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं-निम्मं. ऐकायला बरं वाटतं. पण बियाणं, खत, वर्षभराचं पीठमीठ हे सगळं मालकाच्या दुकानातून उचल म्हणून घ्यायचं, आणि वही लिहिणार मालक. वर्षअखेरीला हिशेब झाला की कुळाच्या निम्म्यातून उचल वजा व्हायची आणि उलट देणंच निघायचं. देणं फिटेपर्यंत जायचं नाही. उसतोडीला गेलेल्या बायांना हा हिशेब मी समजावून सांगायची गरज नाही.

अशाच एका घरात १९१७ साली फॅनी लू नावाची मुलगी जन्मली. वीस भावंडांतली धाकटी. पुढं लग्नानंतर फॅनी लू हेमर झाली. आपण तिला फॅनीबाई म्हणू. सहा वर्षांची असताना मालकानं तिला विचारलं, कापूस वेचशील का? वेचलास तर माझ्या दुकानातला खाऊ देईन. पोरीनं वेचला. खाऊ मिळाला आणि तिचं शेतातलं आयुष्य सुरू झालं. वयात येईपर्यंत ती दिवसाला शंभर किलोच्या आसपास कापूस वेचत होती. शाळा फक्त शेतात काम नसेल तेवढे महिने, तीही सहावीच्या आसपास सुटली.

एकदा तिच्या वडिलांनी पैसे साठवून स्वतःची खेचरं घेतली. घरात पहिल्यांदा वाटलं की आता आपण वर येणार. एका रात्री कुणीतरी गोऱ्या माणसानं जनावरांच्या खाण्यात विष कालवलं आणि सगळी खेचरं मेली. घर पुन्हा होतं तिथं. काळ्यानं वर यायचं नाही, हा तिथला न लिहिलेला कायदा होता. लिहिलेलेही होते. शाळा वेगळी, बसमध्ये जागा वेगळी, पाणी प्यायचा नळ वेगळा. पाण्यावरून माणसाची जागा ठरवणं आपल्या ऐकणाऱ्यांना नवं नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

मोठेपणी फॅनीबाई मालकाच्या शेतावर वजनं आणि हजेरी लिहायला लागल्या. तिथं त्यांनी पाहिलं की काटाच खोटा आहे. मापात पाप म्हणतो ना, तेच. त्यांनी काय केलं? मालक जवळ नसला की आपलं स्वतःचं वजन काट्याला लावायचं, म्हणजे वेचणाऱ्याला खरं माप मिळायचं. मालक येताना दिसला की जुनं वजन परत. हे त्यांनी पुढं स्वतःच सांगितलं. चळवळ, पुढारी, भाषणं यांचा तेव्हा त्यांना पत्ताही नव्हता.

१९६१ साली पोटातली गाठ काढायला त्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरनं न विचारता गर्भाशयच काढून टाकलं. फॅनीबाईंना ते डॉक्टरनं सांगितलं नाही. मालकिणीच्या तोंडून बोलणं फुटलं, ते त्या घरात स्वयंपाक करणाऱ्या नात्यातल्या बाईच्या कानावर गेलं आणि तिथून यांच्यापर्यंत आलं. आपल्या पोटाची बातमी आपल्याला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरातून कळावी! गरीब काळ्या बायांच्या बाबतीत हे तिथं इतकं सर्रास होतं की लोकांनी त्याला टोमण्याचं नावच पाडलं होतं. फॅनीबाई हे पुढं चारचौघांत, मोठमोठ्या सभांत बोलल्या. त्या काळी अशी गोष्ट बाया आईलासुद्धा सांगत नसत.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या रूलव्हिल गावातल्या चर्चमध्ये काही तरुण कार्यकर्ते आले आणि म्हणाले, तुम्हाला मत द्यायचा हक्क आहे. फॅनीबाई तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या आणि हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं. ३१ ऑगस्टला अठरा जण एक जुनी बस करून तालुक्याच्या गावी नाव नोंदवायला गेले. तिथं परीक्षा असायची. राज्यघटनेतलं एखादं कलम पुढं टाकायचं आणि म्हणायचं, अर्थ लिही. पास की नापास, ते कचेरीतला गोरा कारकून ठरवणार. फॅनीबाईंना जे कलम आलं त्याबद्दल त्या पुढं हसून सांगत, की घोड्याला नाताळ किती कळतो तेवढंच ते मला कळलं. नापास झाल्या. परत येताना पोलिसांनी बस अडवली. गुन्हा काय? बसचा रंग जास्त पिवळा आहे, ती शाळेच्या बससारखी दिसते. शंभर डॉलर दंड सांगितला, घासाघीस करून तीसवर आला, तो बसमधल्यांनी वर्गणी करून भरला.

त्याच संध्याकाळी मालक दारात आला. नाव मागे घे, नाहीतर घर सोड. फॅनीबाईंनी उत्तर दिलं की मी तुमच्यासाठी नाव नोंदवायला गेले नव्हते, माझ्यासाठी गेले होते. अठरा वर्षं राबलेल्या शेतावरून त्या रात्रीच त्यांना निघावं लागलं. नवऱ्याला मात्र सुगी होईपर्यंत मालकानं ठेवून घेतलं. ज्या घरी त्या आसऱ्याला गेल्या होत्या तिथं थोड्याच दिवसांनी बंदुकीच्या सोळा गोळ्या झाडल्या गेल्या. सुदैवानं त्या तेव्हा तिथं नव्हत्या. पुढं एकदा त्यांना पाण्याचं नऊ हजार डॉलर बिल आलं. घरात नळ नव्हता.

१९६३ च्या जानेवारीत त्या परीक्षा पास झाल्या. मत द्यायला गेल्या तेव्हा सांगण्यात आलं की मतदानाचा कर भरल्याच्या पावत्या दाखव. त्या नव्हत्या. त्याच वर्षी जूनमध्ये विनोना गावात त्यांना आणि सोबतच्या काही जणांना पकडून तुरुंगात इतकं मारलं की मूत्रपिंड आणि एक डोळा कायमचा अधू झाला. मारायला लावलं ते दोन काळ्याच कैद्यांना. गोरे पोलीस उभं राहून बघत होते.

आता बुधवारच्या बायांकडे येते.

डोरोथी हाइट नावाची एक काळी बाई अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या राष्ट्रीय परिषदेची अध्यक्ष होती. ही परिषद १९३५ साली स्थापन झालेली, देशभर शाखा असलेली. हाइटबाईंची एक मैत्रीण होती पॉली कावन, न्यूयॉर्कची गोरी, ज्यू घरातली. दोघींनी १९६४ च्या उन्हाळ्यात एक बेत केला. उत्तरेकडच्या शहरांतून काळ्या आणि गोऱ्या बायांच्या लहान लहान तुकड्या करायच्या. मंगळवारी विमानानं मिसिसिपीची राजधानी जॅक्सनला पोचायचं, बुधवारी एखाद्या खेड्यात जायचं, गुरुवारी परत. म्हणून त्याला नाव पडलं ‘बुधवारी मिसिसिपीत’. न्यूयॉर्क, बॉस्टन, शिकागो अशा ठिकाणच्या चाळीस-पन्नास बाया त्या उन्हाळ्यात गेल्या.

तो उन्हाळा साधा नव्हता. उत्तरेकडून शेकडो विद्यार्थी मतदार नोंदवायला आणि मुलांच्या शाळा चालवायला मिसिसिपीत आले होते. जूनमध्ये त्यांच्यातल्या तीन तरुणांना, एक काळा आणि दोन गोरे, मारून मातीच्या बांधात पुरलं होतं. अशा वेळी या बाया निघाल्या त्या मोत्यांची माळ आणि पांढरे हातमोजे घालून. दिसायला सभ्य, मोठ्या घरच्या. तो त्यांनी मुद्दाम घेतलेला वेष होता. अशा बाईवर हात टाकताना पोलीसही दोनदा विचार करतो, हे त्यांना माहीत होतं.

विमानतळावर उतरलं की तुकडी दोन वाटांनी जायची. काळ्या बाया काळ्यांच्या घरी, गोऱ्या बाया गोऱ्यांच्या वस्तीत. एकत्र दिसणं धोक्याचं. बुधवारी खेड्यांत जाऊन त्या काळ्या मुलांच्या शाळा बघायच्या, सोबत आणलेली पुस्तकं द्यायच्या, तिथल्या बायांचं ऐकायच्या. फॅनीबाईंचं रूलव्हिलही या गावांत होतं. आणि गोऱ्या पाहुण्या जॅक्सनच्या गोऱ्या बायांबरोबर कॉफी घेत बसायच्या.

मला या कॉफीच्या बैठकांचं फार वाटतं. जॅक्सनच्या बाया म्हणायच्या, आमच्याकडची काळी माणसं सुखात आहेत, हे बाहेरून आलेले विद्यार्थी त्यांना भडकवतात. पाहुणी म्हणायची, मी काल त्यांच्या शाळेत होते, मी हे पाहिलं. मग थोडी शांतता. मग हळूच एखादी म्हणायची, की मलाही हे पटत नाही, पण बोलले तर नवऱ्याचा धंदा बसेल, शेजारीण दारात येणार नाही. त्या गावात गोऱ्यांची एक संघटना होती, जी काळ्यांच्या बाजूनं बोलणाऱ्या गोऱ्यालाही वाळीत टाकायची, नोकरी घालवायची. म्हणजे जिच्या हातात सगळं होतं तीही घाबरलेली होती. पण दोघींच्या भीतीत फरक आहे, तो विसरून चालणार नाही. एकीला शेजारीण तुटण्याची भीती, दुसरीला घर जळण्याची. दोघी बायाच, दोघी दुःखी, असं म्हणून हे सारखं करता येत नाही. उलट बाजूही होती. उत्तरेच्या पाहुण्या घरी परत गेल्या तेव्हा त्यांना दिसू लागलं की आपल्या शहरातही काळ्यांची वस्ती वेगळीच आहे, शाळा वेगळीच आहे. तिथं फक्त पाटी लावलेली नाही.

या बैठकांनी मिसिसिपी बदललं का? माझं मत, थोडंच. काही गोऱ्या बाया धीट झाल्या, कुणी शाळांसाठी गुपचूप काम केलं. पण पांढरे हातमोजे घालून तीन दिवसांत जेवढं ऐकू येतं तेवढंच ऐकू आलं. त्याच ऑगस्टमध्ये फॅनीबाई अटलांटिक सिटीला गेल्या. तिथं सत्ताधारी डेमोक्रॅटिक पक्षाचं मोठं अधिवेशन होतं, आणि मिसिसिपीतून फक्त गोरे प्रतिनिधी आले होते. टीव्हीसमोर बसून त्यांनी बसची, घराची, तुरुंगातल्या माराची सगळी कहाणी सांगितली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कॅमेरे तिकडून वळावेत म्हणून घाईनं स्वतःची पत्रकार परिषद बोलावली. पण रात्री वाहिन्यांनी फॅनीबाईंचं बोलणं दाखवलंच आणि देशानं ऐकलं. पक्षानं तडजोड म्हणून दोन जागा देऊ केल्या. सगळेच थकलेले असताना दोन जागांसाठी एवढ्या लांब आलो नाही, असं म्हणून त्यांनी त्या नाकारल्या. पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. परीक्षा गेली.

पण मत दिल्यावर संध्याकाळी चुलीवर काय ठेवायचं?

हे मी उगाच म्हणत नाही. १९६२ च्या हिवाळ्यात सनफ्लॉवर आणि लेफ्लोर या दोन जिल्ह्यांत सरकारकडून गरिबांना मिळणारं धान्य स्थानिक अधिकाऱ्यांनी बंद केलं होतं, कारण काळे लोक मतासाठी नाव नोंदवू लागले. रेशन बंद केलं की सभेला येणारी बाई घरी बसते, हे त्यांना बरोबर कळत होतं. नंतर कापूस वेचायची यंत्रं आली, तण मारायचं औषध आलं, आणि मजुरांची गरजच संपली. शेतावरून हाकललेली कुटुंबं गावकुसाला येऊन बसली. १९६७ मध्ये रॉबर्ट केनेडी हे मोठे नेते त्या भागात आले, तेव्हा पोटं फुगलेली मुलं पाहून त्यांना धक्का बसला. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातली ही मुलं.

हाइटबाईंच्या परिषदेनं १९६६ पासून बैठकांची रीत बदलली. आता शहरातल्या बायांनी जाऊन ऐकण्याऐवजी मिसिसिपीच्या गरीब बायांनाच शिबिराला बोलावलं आणि विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? बाया म्हणाल्या, खायला पाहिजे, राहायला घर पाहिजे, काम पाहिजे. समतेचे मोठे शब्द त्यांच्या यादीत वर नव्हते. मला वाटतं, खरं बोलणं इथं सुरू झालं. दोन वर्षं एकमेकींच्या घरी जाऊन, ओळख होऊन, मग कुठं गरीब बाईनं शहरातल्या बाईला तोंडावर सांगितलं की तुमच्या पुस्तकांआधी पोरांना जेवण द्या.

यातून निघाली डुकरांची बँक. परिषदेनं चाळीस-पन्नास डुकरं घेऊन दिली. बहुतेक माद्या, थोडे नर. ती फॅनीबाईंच्या ताब्यात. नियम असे: एका कुटुंबाला एक गाभण डुकरीण न्यायची. चार महिन्यांच्या आत ती विते, आठ-दहा पिल्लं सहज होतात. त्यातली दोन पिल्लं बँकेला परत करायची, बाकीची कुटुंबाची. परत आलेली पिल्लं मोठी झाली की पुढच्या घरी. पैशाचा व्यवहार नाही, वहीत व्याज नाही. आपल्याकडे शेळी अर्धलीनं देतात तसंच, फक्त इथं निम्मा वाटा मालकाकडे जात नाही, दुसऱ्या गरिबाकडे जातो. काही वर्षांत शेकडो घरांच्या परसात डुकरं झाली. मांस खारवून, धुरी देऊन वर्षभर पुरायचं. फॅनीबाईंचं म्हणणं होतं की परसात डुक्कर आणि घरात बाटल्यांतून भरलेली भाजी असली, की कुणी तुला काय बोल आणि काय बोलू नको हे सांगू शकत नाही. ज्यांचं रेशन मतासाठी बंद झालं होतं, त्यांना हे लगेच पटलं.

डुकरांच्या पाठोपाठ जमीन आली. १९६९ मध्ये चाळीस एकर घेतली, नंतर आणखी साडेसहाशेच्या आसपास. ‘फ्रीडम फार्म’ असं त्या सहकारी शेतीचं नाव, म्हणजे स्वातंत्र्याची शेती. भेंडी, वाटाणे, घेवडे, पालेभाज्या, रताळी खाण्यासाठी, आणि कर्जाचा हप्ता भरायला कापूस आणि सोयाबीन. भेंडी तिकडे गुलामांबरोबर आफ्रिकेतून गेलेली, त्यांच्या घरची भाजी. जो राबेल त्याला वाटा, जो राबू शकत नाही त्या म्हाताऱ्या-आजाऱ्यालाही वाटा. भूक रंग बघत नाही, म्हणून गरीब गोऱ्यांनाही दार उघडं, असं फॅनीबाई म्हणायच्या. ज्यांच्या रंगाच्या माणसानं बापाची खेचरं मारली होती, त्या हे म्हणत होत्या. सरकारी कर्जं मिळवून शेतावरून हाकललेल्यांसाठी घरंही बांधली गेली.

आता बचत गट चालवणाऱ्यांनी कान देऊन ऐका. सभासद वर्गणी होती महिना एक डॉलर. नावाला दीड हजार कुटुंबं सभासद होती. नियमानं डॉलर भरू शकत होती फक्त तीस. बाकीचा खर्च देणग्यांवर. हॅरी बेलाफोंटे या प्रसिद्ध गायकानं देशभर पत्रं पाठवून पैसे मागितले, उत्तरेकडच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लोकांनी जमवून पाठवले. पण देणगी येते तशी आटते. गोरगरिबांना आधी खाऊ घालायचं आणि उरलं तर हप्ता भरायचा, असा फॅनीबाईंचा कल. माणूस म्हणून मला तो कल आवडतो. गटाची वही बघणारी म्हणून मला झोप आली नसती. त्यात एक वर्ष दुष्काळ, एक वर्ष पूर, कापूस हाती आला नाही. देशभरातून भाषणाची बोलावणी, त्यामुळे रोजचा कारभार बघायला घरचं माणूस नाही. वर त्यांची तब्येत ढासळलेली. १९७६ मध्ये कर थकला आणि जमीन गेली.

तोवर त्यांना कर्करोग झाला होता. शेवटच्या दिवसांबद्दल त्यांच्या नवऱ्यानं सांगितलेलं आहे. पूर्वी कामावरून आलो की घर माणसांनी भरलेलं असे, येऊन जेवून जात. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं करायला पैसे दिल्याशिवाय कुणी मिळेना. १४ मार्च १९७७ ला त्या गेल्या. वय एकोणसाठ. अंत्यविधी गावातल्याच चर्चमध्ये झाला, जिथं त्यांनी मताचा हक्क पहिल्यांदा ऐकला होता. गर्दी आत मावेना. अमेरिकेचे संयुक्त राष्ट्रांतले राजदूत अँड्र्यू यंग बोलायला आले. ज्या राज्यात त्यांना मार बसला होता त्याच राज्याच्या विधिमंडळानं त्यांच्या गौरवाचा ठराव केला. त्यांना पुरलं ते त्या पहिल्या चाळीस एकरांच्या जमिनीवर.